काळे मणी : सौभाग्याचे आणि शोकाचे

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी तिथे वीसेक वर्षं जाते आहे, बहुतेकदा जुनी पुस्तकं आणि पोस्टकार्डं बघायला. नऊ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी एका पथारीवर गंजकी कुलुपं आणि चष्म्यांच्या फ्रेमा यांच्या ढिगात मला एक काळी माळ दिसली. पैलू पाडलेले मणी, मधे मोठे आणि टोकांकडे लहान होत गेलेले. खाली एक लंबगोल पदक, त्यावर फुलांचं कडं धरलेला एक हात. दोरा कुजलेला, दोन ठिकाणी गाठी मारून जोडलेला. विकणारा म्हणाला, "कोळशाची आहे ताई. कँपातल्या बंगल्यातनं आलीय." तीनशेवरून दोनशेला सौदा ठरला.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. वाणिज्य शाखेची पदवी, मग बँकेत नोकरी, मग स्वेच्छानिवृत्ती. दागिन्यांच्या इतिहासाचा नाद लागला तो आईमुळे. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि आई चौतीस. एका सराफाकडून तिला काम मिळालं, मंगळसूत्राची पोत ओवण्याचं. त्याची अट एकच होती : काम घरी न्यायचं, दुकानात बसून करायचं नाही. आपलं मंगळसूत्र विधवेच्या हातचं आहे हे गिऱ्हाइकांना कळलं असतं, तर काम त्याचंही गेलं असतं आणि आमचंही. आईने स्वतःचे काळे मणी उतरवले आणि पुढची बावीस वर्षं दुसऱ्यांचे ओवले. माझं शिक्षण त्यातच झालं.

बाजारातली माळ मी आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावला नाही. दोन मणी बोटांत धरले, गालाला लावले आणि म्हणाली, "काच नाही ही. काच आधी गार लागते. आणि हे किती हलकं आहे बघ."

या एका वाक्यापासून माझा शोध सुरू झाला.

लाकडाचा दगड

आईचं निदान बरोबर होतं, आणि कोळसेवाल्याचंही अगदी चूक नव्हतं. या पदार्थाला इंग्रजीत जेट म्हणतात. जेट विमानाशी त्याचा काही संबंध नाही. तो शब्द फेकणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. हा जेट आला 'गागातेस' या ग्रीक शब्दावरून, आणि तो शब्द आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गागाय नावाच्या गावावरून. जेट म्हणजे लाकूड. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी अरॉकॅरियाच्या कुळातली झाडं वाहत समुद्रात गेली, तळाच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात रुतली, वरच्या थरांच्या भाराने चेपली आणि कुजण्याऐवजी घट्ट होत गेली. याच कुळातली झाडं आपल्याकडे बंगल्यांच्या अंगणात 'ख्रिसमस ट्री' म्हणून लावतात. सह्याद्रीचा काळा कातळ घडला त्याच्याही अकरा-बारा कोटी वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

मूळ लाकूड असल्यामुळे जेट हाताला ऊबदार लागतं. ते पाण्याच्या सव्वापट जड असतं, काच अडीचपट. लोकरीवर घासलं की अंबरासारखं कागदाचे कपटे ओढतं. आणि दिसायला कितीही काळं असलं तरी खरखरीत चिनी मातीवर ओढलं की रेघ तपकिरी उमटते. कोळशाची रेघ काळी येते. मी आमच्या एका बशीच्या बुडाच्या, चकाकी नसलेल्या कडेवर एक मणी ओढून पाहिला. रेघ तपकिरी आली.

युरोपात जेट बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण सगळ्यांत कठीण, टिकाऊ आणि आरशासारखी चकाकी घेणारं जेट इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमधल्या व्हिटबी गावाच्या आसपासच्या कड्यांत सापडतं. जुन्या जेटच्या दागिन्यांचा विषय काढला की हे नाव येतंच, आणि त्यामागोमाग व्हिक्टोरिया राणीचं. राणी विधवा झाली, तिने जेट घातलं, म्हणून सगळ्यांनी घातलं. मीही सुरुवातीला एवढंच वाचलं होतं. हे खोटं नाही, पण ही गोष्ट फार उशिरा सुरू होते.

वाईट नजरेवरचा उतारा

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आर्गाइल भागातल्या थडग्यांत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे जेटचे हार सापडले आहेत. अर्धचंद्राकार, अनेक पदरी, मधे नक्षीच्या पट्ट्या. आपल्या एखाद्या भारदस्त हारासारखेच. त्यांतले काही एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. क्ष-किरणांच्या तंत्राने मण्यांचं पृथक्करण केल्यावर दिसलं की त्यांतलं बरंच जेट व्हिटबीच्या किनाऱ्यावरून, शेकडो किलोमीटर प्रवास करून गेलं होतं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. काही हारांत सगळे मणी जेटचे नाहीत. मधेमधे कोळशाच्या जातीच्या स्थानिक काळ्या दगडाचे मणी आहेत, आणि काही मणी वापराने गुळगुळीत झिजलेले, तर शेजारचे कोरे. म्हणजे हार तुटत होते, मणी हरवत होते, आणि मिळेल तो काळा मणी घालून ते पुन्हा ओवले जात होते. हे दागिने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते.

रोमन काळात यॉर्क हे जेटच्या कामाचं मोठं ठाणं होतं. केसांत खोचायच्या काड्या, बांगड्या, अंगठ्या, पदकं तिथे बनत आणि ऱ्हाईन नदीकाठच्या शहरांपर्यंत जात. पदकांवर अनेकदा मेड्युसाचं मुख असे. केसांच्या जागी साप असलेलं हे उग्र मुख वाईट शक्तींना दूर ठेवण्यासाठी असे. आपल्याकडे देवळाच्या दारावर कीर्तिमुख असतं तसं. आणि लहान मुलांच्या थडग्यांत जेटची इवलीशी अस्वलं सापडली आहेत, इंग्लंडमध्ये आणि जर्मनीतही. तान्ह्या बाळासोबत कुणीतरी एक राखणदार ठेवून दिला होता.

पहिल्या शतकातल्या प्लिनीने आपल्या ज्ञानकोशात गागातेसची नोंद केली, तीत त्याच्या धुराने साप पळतात असं म्हटलं आहे. आठव्या शतकात बीड नावाच्या विद्वान भिक्षूने (आपल्या मराठवाड्यातल्या बीडशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही) ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासग्रंथात ब्रिटनच्या संपत्तीत जेट मोजलं, आणि तेही साप पळवणारं म्हणूनच. व्हिटबीच्या याच कड्यांत गुंडाळलेल्या सापासारखे जीवाश्मही सापडतात. मठाची संस्थापक संत हिल्डा हिने सापांचे दगड केले, अशी तिथली आख्यायिका आहे. ते जीवाश्म ज्या प्राण्यांचे, त्याच वर्गातल्या प्राण्यांचे जीवाश्म आपण गंडकीतून आणून शाळिग्राम म्हणून देवघरात ठेवतो.

स्पेनमध्ये जेटला 'असाबाचे' म्हणतात. हा शब्द तिथे अरबीतून गेला आणि अरबीत फारसीतून. सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्री जेट कोरणाऱ्यांचा मध्ययुगापासून मोठा पेठा होता. कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या दर्शनी बाजूला आजही त्यांच्याच धंद्याचं नाव आहे. वारकरी तुळशीची माळ आणतो तसे यात्रेकरू तिथून जेटचा शिंपला किंवा संताची मूर्ती घेऊन जात. सगळ्यांत जास्त खप होता तो 'ईगा'चा. ही अंगठा दोन बोटांतून बाहेर काढलेली जेटची मूठ असते. ती लहान मुलांच्या गळ्यात किंवा मनगटात बांधत, दृष्ट लागू नये म्हणून.

हे वाचताना मला आमच्या घरातल्या मनगट्या आठवल्या. सोन्याचा एक मणी, काळा एक मणी. माझ्या मुलीच्या बारशाला आईनेच ओवल्या होत्या. आपल्याकडे काळा रंग शुभकार्याला चालत नाही, पण बाळाच्या मनगटात, संक्रांतीच्या चंद्रकळेत आणि लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात तो लागतोच. या तिन्ही जागी काळं म्हणजे दुःख नव्हे. काळं म्हणजे पहारा. जेटनेही साडेतीन-चार हजार वर्षं मुख्यतः हेच काम केलं.

एका गावाचा धंदा

व्हिटबीतला नवा धंदा १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सुरू झाला. जॉन कार्टर खानावळ चालवायचा, रॉबर्ट जेफरसन रंगारी होता. दोघं चाकू-कानशीने जेटचे क्रूस आणि मणी करत बसायचे. ट्रेमलेट नावाच्या नौदलातल्या निवृत्त कप्तानाने त्यांना सुचवलं की अंबर चरकावर कातता येतं, तर हेही येईल. ते आलं. मणी हाताने घासण्याऐवजी कातले जाऊ लागले आणि छंदाचा कारखाना झाला. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिटबीचं जेट मांडलं गेलं, म्हणजे राणी विधवा होण्याच्या दहा वर्षं आधीच त्याला बाजार होता.

१४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट वारला. व्हिक्टोरियाने काळी वस्त्रं घातली ती १९०१मध्ये मरेपर्यंत. सुरुवातीच्या काळात दरबारात जेटखेरीज दागिना चालत नसे. १८७७च्या आरंभी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जिच्या नावाने द्वाही फिरली, ती काळ्या वस्त्रांतली विधवाच होती.

पण एकट्या राणीच्या दुःखावर गावं पोसली जात नाहीत. शोक पाळणं हा तेव्हा मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचा भाग झाला होता. विधवेने दोन-अडीच वर्षं शोक पाळायचा, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. पहिलं वर्ष आणि एक दिवस चकाकी नसलेलं काळं क्रेपचं कापड. दागिना घातलाच तर तोही बिनचकाकीचा. मग हळूहळू चकाकी, मग करडा आणि जांभळा रंग. आईवडील, मूल, भाऊ, चुलता, प्रत्येकासाठी वेगळी मुदत. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१पासून 'जेज'चं शोकवस्त्रांचं भांडार होतं. कॉर्टॉल्ड घराण्याने क्रेपच्या कापडावर अमाप पैसा केला. या सगळ्या व्यवस्थेत दागिन्याची जागा जेटने भरून काढली. काळं, हलकं आणि सोन्याच्या मानाने परवडणारं.

१८७०नंतरच्या चार-पाच वर्षांत व्हिटबीत सुमारे दोनशे कार्यशाळा होत्या आणि सुमारे दीड हजार माणसं आणि मुलगे हे काम करत होते. माल आणायला माणसं दोराला लोंबकळून कडे फोडत, टेकड्यांत भुयारं खणत. जेटचा पट्टा कधी बोटभर जाड, कधी मधेच संपलेला. आणलेल्या तुकड्याची खरबरीत साल छिन्नीने काढायची, करवतीने कापायचं, दगडी चाकावर आकार द्यायचा, चाकूने कोरायचं, आणि शेवटी तेल आणि लोहभस्माची तांबडी पूड लावून चकाकी आणायची. त्या पुडीने हात, तोंड, कपडे सगळं तांबडं होई. जगाला काळे दागिने पुरवणारी माणसं संध्याकाळी लाल होऊन घरी जात.

या माणसांविषयी लिहिताना मी दरवेळी थांबते. त्यांची चूल दुसऱ्यांच्या मरणावर पेटत होती, असं सहज लिहिता येतं. इंग्रजीत तसं लिहिलेलंही आहे. पण मी ज्या घरात वाढले तिथे दुसऱ्यांच्या लग्नांवर चूल पेटायची. लग्नसराईत आईला रात्री दोनपर्यंत काम असे आणि चातुर्मासात हात रिकामे. कुणाच्या घरी काय घडलं याचा विचार ती करत नव्हती. धागा ओढला जातो का, गाठ सुटते का, मणी तुटका तर नाही, एवढंच ती बघायची. व्हिटबीच्या कारागिरानेही तेच बघितलं असणार.

नकला

भरभराट पंधरा-वीस वर्षंच टिकली. १८८४पर्यंत कामगार तीनशेच्याही खाली आले. फॅशन बदलली हे एक कारण, पण आतून पोखरणारी कारणंही होती. मागणी वाढली तसं मऊ, ठिसूळ जेट वापरात आलं, बरंचसं स्पेनहून आणलेलं. ते वर्षा-दोन वर्षांत तडकायचं आणि नाव व्हिटबीचं खराब व्हायचं.

शिवाय नकला होत्या. आयर्लंडच्या दलदलीत काळं पडलेलं ओकचं लाकूड. ते चमकत नाही आणि त्यात रेषा दिसतात. व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कठीण केलेलं रबर. ते साच्यात ओतता येई, त्यामुळे एका कोरक्याच्या दिवसभराच्या कामाइतका माल यंत्र घटकाभरात काढी. वजन, ऊब, तपकिरी रेघ, सगळ्यांत ते जेटसारखं; फक्त वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की त्याचा रंग मळकट तपकिरी होतो आणि साच्याची बोथट कड लपत नाही. आणि तिसरी नक्कल, 'फ्रेंच जेट' नावाची काळी काच, जी बरीचशी फ्रेंच नव्हतीच. ती येई बोहेमियातून, आजच्या झेक देशातल्या याब्लोनेत्स, म्हणजे तेव्हाच्या गाबलोन्झ परगण्यातून.

हे नाव वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. कारण हिंदुस्थानच्या काचेच्या व्यापाराविषयी वाचताना ते मला आधी भेटलं होतं. याच गाबलोन्झहून आपल्याकडे काचेच्या बांगड्या आणि मणी पेट्यांच्या पेट्या भरून येत असत. एकाच परगण्यातल्या भट्ट्यांमधून इंग्लंडच्या विधवांसाठी काळी काच निघत होती आणि हिंदुस्थानच्या सवाष्णींसाठी बांगड्या. भट्टीवाल्याच्या वहीत दोन्ही नोंदी शेजारीशेजारी असतील. काचेला सुतक नसतं आणि सौभाग्यही नसतं. ते ती उतरवून घेतल्यावर त्या त्या किनाऱ्यावर तिला चिकटतं.

याच उतरत्या काळात, १८८३ ते १८८६, पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. त्यांना वैधव्य येऊन वर्षच झालं होतं. त्यांच्या मुलखात विधवेच्या अंगावरून सगळं काढून घेत, केससुद्धा. ज्या मुलखात त्या गेल्या तिथे विधवेवर पायरीपायरीने सगळं चढवत. दोन्हीकडे हिशेब एकच होता : ही बाई कोण आहे हे लांबून कळलं पाहिजे. फरक इतकाच की तिकडची मुदत संपत असे.

पहिल्या महायुद्धाने ती पद्धत मोडली. घरोघरी मरणं झाल्यावर पायऱ्या आणि मुदती कोण पाळणार? दुसरं महायुद्ध उजाडेपर्यंत व्हिटबीत जेटचे जुने कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

माळ पुन्हा ओवली

चार वर्षांपूर्वी मुलगी लीड्सला होती, तेव्हा तिच्यासोबत दोन दिवस व्हिटबीला गेले. पॅनेट पार्कमधल्या संग्रहालयात जेटची कपाटं आहेत. त्यांत शोकाचे दागिने आहेतच, पण फुलं, पानं, द्राक्षांचे घोसही आहेत, केवळ सुंदर म्हणून केलेले. चर्च स्ट्रीटवर एक जुनी कार्यशाळा मांडून ठेवली आहे. गावातल्या एका पडक्या इमारतीच्या बंद पोटमाळ्यावर ती जशीच्या तशी सापडली, अवजारांसकट. चाकं, बाकं, आणि सगळ्यावर बसलेली पूड. मी तिथे बराच वेळ उभी होते. आमच्या घरी खिडकीपाशी आईचा पाट असायचा, त्याच्या उजव्या कडेला तिच्या अंगठ्याने खोलगट जागा पडली होती. इथल्या बाकाची कडही तशीच झिजलेली होती.

परत आल्यावर मी माळेचा हिशेब पुरा केला. मणी जेटचे, हाताने पैलू पाडलेले; एकही पैलू दुसऱ्यासारखा नाही. पदक मात्र व्हल्कनाइटचं. खालची बाजू तपकिरी पडली होती आणि हाताच्या बोटांमधल्या फटी साच्यात असतात तशा बुजलेल्या होत्या. कुणीतरी खऱ्या माळेला नकली पदक जोडलं होतं. आधी मी खट्टू झाले. मग आर्गाइलच्या थडग्यांतले हार आठवले. मूळ पदक तुटलं किंवा हरवलं असेल. जिची माळ होती तिला ती टाकवली नसेल.

आई तेव्हा एक्क्याऐंशीची होती. मी तिला सगळं सांगितलं : राणी, गाव, लाल तोंडाचे कारागीर, अडीच वर्षांच्या पायऱ्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नवरा गेल्यावर घालायचे हे काळे मणी?"

"हो."

"मग मला चालतील की," ती म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी तिने रेशमाचा धागा मागितला. पदकाजवळ एक मणी कमी होता, तिथे धागा घासून तुटला असता. आईने कपाटातून जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात पोतीचे उरलेले काळे मणी होते, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे. त्यातला एक तिने पदकाच्या वर घातला, गाठ मारली, दातांनी धागा तोडला. मग माळ गळ्याशी धरून तिने आरशात पाहिलं आणि माझ्या हातात परत दिली.

त्यानंतर दीड वर्षाने ती गेली. माळ माझ्याकडे आहे. कुणी जाणकार पाहायला आले की पदक नकली आहे हे मी आधीच सांगते. मग ते मणी एकेक करून बोटांत फिरवतात, आणि पदकाजवळच्या त्या एका मण्यापाशी थांबून म्हणतात, "हा मात्र काचेचा दिसतोय."

"हो," मी म्हणते, "तो आईने घातलाय."